फिलूच्या हाताची घडी

कारखान्याच्या फाटकावरच्या वॉचमनला पर्सवाली बाई दिसली की तो दोनच अंदाज बांधतो. ही वर्गणी मागायला आली, नाहीतर पापड विकायला. ऐंशीच्या दशकात मी अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या कारखान्यांचे उंबरे झिजवले, आणि दोन्हींपैकी काहीच करत नव्हते. "वर्गणीवाले गुरुवारी," एकाने मला वर न बघताच सांगितलं. मी म्हटलं, "वर्गणी नको, नोकरी पाहिजे." तेव्हा त्याने मान वर केली, माझ्या कानाजवळचे पांढरे केस पाहिले आणि कळवळून म्हणाला, "या वयात, बाई? मिस्टर काय करत नाहीत काय?"

मिस्टर बँकेत होते आणि व्यवस्थित करत होते. नोकरी मला माझ्या विद्यार्थ्यांसाठी हवी होती.

आमची शाळा अंधेरी पूर्वेला एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर भरायची. पाटीवर सरळ 'मतिमंद मुलांची शाळा' असं लिहिलेलं होतं. आता शब्द बदललेत, बरं झालं. तेव्हा तो शब्द आम्ही दिवसातून पन्नास वेळा उच्चारायचो आणि आपण काही वाईट बोलतोय असं कुणाच्या मनातही यायचं नाही. मुलं अठरा वर्षांची झाली की शाळा संपायची. पुढे काय, या प्रश्नाला बहुतेक घरांत एकच उत्तर होतं, खिडकी. मूल खिडकीत बसायचं आणि रस्ता बघायचं. आईबाप आहेत तोवर दोन वेळचं जेवण खिडकीशी यायचं. त्यानंतरचं कुणी बोलायचं नाही.

या मुलांना खिडकीऐवजी पगाराच्या कामावर बसवायचं, असं आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी ठरवलं आणि ते काम माझ्या गळ्यात घातलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "तुम्हाला भांडता येतं." माझ्याकडे विशेष शिक्षणाचा डिप्लोमा होता, पण त्याचं नाव काही त्यांनी काढलं नाही.

आमच्या धंद्याचं मर्म एवढंच, की कामाचे तुकडे करायचे. बॉलपेनाला टोपण लावणं हे तुम्हाला एक काम वाटेल; माझ्या वहीत ती अकरा कामं होती. पेन कोणत्या हातात, टोपणाचं तोंड कुणीकडे, कट्ट असा आवाज आला की थांबायचं, असं सगळं. मग एकेक तुकडा शिकवायचा, कधी आठवडा, कधी तीन महिने. ज्याला पाचापुढे मोजता येत नाही त्याने दहाचे गठ्ठे कसे करायचे? त्यासाठी सुताराकडून एक फळी करून घ्यायची आणि तिला दहा भोकं पाडायची. सगळी भोकं भरली की दहा झाले. मोजायचं काम फळीने करायचं, मुलाने फक्त भरत जायचं. ही फळी पाहुण्यांना दाखवताना माझा आवाज आपोआप एक पट्टी वर चढायचा.

आणखी एक नियम होता, आणि त्याचा तर आम्हाला भारीच अभिमान. मराठी शाळेत गेलेल्या कुणालाही 'हाताची घडी, तोंडावर बोट' माहीत असतं. आमच्याकडे त्यातली घडी तेवढी होती. काम पुरं झालं की मुलाने हाताची घडी घालून बाईंकडे बघायचं. बाई येणार, काम तपासणार, 'शाबास' म्हणणार, आणि मगच पुढचं काम. गॅदरिंगच्या दिवशी अठरा मुलं एकामागून एक फळी भरून घडी घालून बसायची, तेव्हा प्रमुख पाहुण्यांचे डोळे पाणवायचे. "किती ही शिस्त! आमच्या घरातल्या शहाण्यांना नाही." पाहुणे पाकीट काढायचे. ती घडी म्हणजे आमच्या शाळेची जाहिरातच होती म्हणा ना.

फिलू त्या घडीतली पहिल्या नंबरची विद्यार्थिनी. फिलोमिना तिचं नाव, मरोळच्या जुन्या गावठाणातली, घरात मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबातली. सात वर्षांची असताना आली आणि अठराची होऊन गेली, म्हणजे अकरा वर्षं माझ्या हाताखाली. गोल चेहरा, दोन घट्ट वेण्या, आणि फळी भरण्यात असा हात की मीसुद्धा तिच्या मागे पडायची. तिला काम मिळालं नाही तर कुणालाच मिळणार नाही, असं मी मुख्याध्यापिकाबाईंना छाती ठोकून सांगितलं होतं.

छाती ठोकायला कारणही होतं. तिच्याआधी मी दोघांना कामाला लावलं होतं आणि दोघेही महिन्याच्या आत परत आले होते. एक मुलगी, आणि दुसरा मुलुंडचा रमेश. तो पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात होता. दोन्ही मालकांची तक्रार तीच: काम येतं, पण बसून राहतात. मी दोघांशीही कडाकडा भांडले. मतिमंद म्हणजे आळशी असा यांचा ग्रह, दुसरं काय! दोघांच्याही फायलीत मी ठसठशीत अक्षरात शेरा लिहिला, 'मालक असहकारी'.

फिलूसाठी मी मरोळलाच बॉलपेनांचा एक लहानसा कारखाना गाठला. मालक मेहता शेठ, मऊ बोलणारे, कपाळावर नेहमी ओलं गंध. महिनाभर ट्रायल, जमलं तर कायम, असं ठरलं. मी अटींची यादी काढली तेव्हा ते हसत हसत सगळ्याला हो म्हणत गेले. त्यातली माझी मुख्य अट अशी, की फिलूला इतर बायकांच्या लांब टेबलावर बसवायचं नाही. तिथे सहा जणी बसायच्या, तोंडं सतत चालू, एकमेकींची टर उडवणं अखंड. माझ्या मुलीला कुणी चिडवायला नको. म्हणून तिला भिंतीकडे वेगळं टेबल, वेगळी खुर्ची. शेठनी खर्चाचा विचार न करता नवं टेबल आणलं. त्यावर मी शाळेतल्या दोन-तीन फळ्या नेऊन ठेवल्या.

फिलूच्या आईला, सिसिलबाईंना, सांगायला मी गावठाणात गेले. त्या ओट्यावर भाजी निवडत होत्या. कारखान्याचं नाव ऐकलं आणि हात थांबला.

"टाकीच्या पलीकडं? पिवळी भिंत हाय ती?"

"हो. का?"

"आमचं भाताचं शेत होतं तिथं. सासरे नांगर धरायचे." मग हसल्या. "बघा टीचर, घरातली बाय पुन्ना शेतावरच चालली."

हसून झाल्यावर मात्र त्यांनी मला धरून ठेवलं. मोठा मुलगा कुवेतला गेलेला, नवरा वारलेला. "मी हाय तवर ठीक. मी गेल्यावर हिला 'बस' म्हननारे पुष्कळ भेटतील, टीचर. 'ऊठ' कोन म्हननार?"

मी म्हटलं, "ते माझ्यावर सोडा." अशी वाक्यं मी तेव्हा फार सहज बोलायची.

पहिल्या आठवड्यात मी मुद्दामच गेले नाही. दुसऱ्या सोमवारी शाळेत फोन आला. फोरमन सावंत. मूळचे मालवणकडचे, शांत असले की मुंबईचं मराठी, डोकं फिरलं की थेट गावचं. त्या दिवशी डोकं फिरलेलंच होतं.

"बाईनू, तुमचा चेडू धा पेना भरता नि हात बांधून गप बसता! मी काय त्येच्या म्होरे उभो ऱ्हवू?"

रमेश आठवला, आधीची मुलगी आठवली आणि माझं पित्त खवळलं. रिक्षा करून मी तडक मरोळ गाठलं आणि सावंतांना फाटकातच गाठून सुनावलं. तुम्हाला शिकवता येत नाही, तुम्हाला सहानुभूती नाही, तिला अकरा वर्षं मी शिकवलंय, ती बसूच शकत नाही. सावंतांनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त भिंतीकडे बोट केलं.

फिलूची फळी भरलेली होती. हाताची घडी घातलेली होती. आणि ती दाराकडे बघत होती. मला बघितल्यावर तिचा चेहरा उजळला, पाठ ताठ झाली, आणि ती वाट बघू लागली.

ती बसून राहत नव्हती. ती थांबली होती. काम पुरं झालंय, बाई येतील, तपासतील, शाबास म्हणतील. कारखान्यात शाबास म्हणायला कुणाला वेळ असतो? सावंतांना वाटलं मुलगी कामचुकार. फिलूला वाटलं असणार, बाईंना आज यायला उशीर झाला. एकेका फळीमागे ती अर्धा-अर्धा तास बसायची, अगदी शिस्तीत, मी शिकवलं तशी.

मी सावंतांची माफी मागितली. ते म्हणाले, "ऱ्हवांदे. चाय घ्या." चहा समोर आला, पण मला रमेश दिसत होता. त्या खोक्यांच्या कारखान्यात तोही असाच बसला असणार, दाराकडे बघत. पुढच्या रविवारी मी मुलुंडला त्याच्या चाळीत गेले. खोलीत दुसरेच लोक राहत होते. रमेशला काकाकडे कोकणात पाठवून दिलं, इथे काही जमेना म्हणून, असं शेजारीण म्हणाली. गावाचं नाव तिला माहीत नव्हतं. ती फाईल मी नंतर काढून बघितली. 'मालक असहकारी' तसंच होतं, माझ्या वळणदार अक्षरात. त्याचं मला आजही वाईट वाटतं, आणि वाटायलाच पाहिजे.

आता घडी सोडवायची होती. मी रोज दुपारी कारखान्यात जाऊन फिलूशेजारी स्टुलावर बसू लागले. "फिलू, फळी भरली की थांबायचं नाही. पिशवीत ओतायची, लगेच दुसरी घ्यायची. कळलं?" "कळलं, टीचर." तिने फळी भरली, थांबली नाही, पेनं पिशवीत ओतली, दुसरी रिकामी फळी समोर ओढली, आणि मग हाताची घडी घालून माझ्याकडे बघितलं. थांबली नाही म्हणून शाबासकी पाहिजे होती.

आणि मी म्हटलं, "शाबास!" तोंडातून निघूनच गेलं. अकरा वर्षांची सवय काही तिला एकटीला लागली नव्हती.

पलीकडच्या टेबलावरच्या सहा जणी हे नाटक रोज बघत होत्या आणि तोंडाला पदर लावून हसत होत्या. तिसरा आठवडा संपला. दिवसाला किती पिशव्या होतात विचारलं तर सावंतांनी नकाराची मान हलवली.

मग मेहता शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. आता नारळ मिळणार अशी तयारी करून मी गेले, तर त्यांनी माझ्यापुढे पेढ्याची बशी सरकवली.

"बाई, एवढं टेन्शन घेऊ नका. काम नाय जमत तर नाय जमत. बसू द्या ना तिला तिकडे. पगार मी देतो पूर्ण. माझी आई बोलते, असा जीव पदरी असला की धंद्याला बरकत येते."

मनापासून बोलत होते हो. आणि मी, भांडणारी म्हणून निवडलेली बाई, भांडले नाही. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हा, की फायलीत 'कायम नोकरी' लिहिता येईल. मुख्याध्यापिकाबाई खूश होतील. फिलूला पगार मिळेल, शेठना पुण्य मिळेल, मला यश मिळेल. काम तेवढं कुणीच करायचं नाही. मी पेढा खाल्ला आणि "फिलूच्या आईला विचारून सांगते," म्हणाले.

सिसिलबाईंनी सगळं ऐकलं आणि दोन वाक्यांत निकाल लावला. "टीचर, बसायचाच पगार असेल तर खिडकी हाय की घरात. तिथं वारा पन येतो."

मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी शेठना जाऊन सांगितलं, बरकत नको, ट्रायलचे आठ दिवस राहिलेत ते द्या. नाही जमलं तर मी स्वतः तिला घरी नेऊन सोडते. शेठना वाईट वाटलं. पुण्य परत करणारी बाई त्यांनीही पहिल्यांदाच बघितली असावी.

बोलून तर बसले, पण आठ दिवसांत करायचं काय, ते मला ठाऊक नव्हतं. फिलूच्या टेबलाशी स्टुलावर टेकले तर लांब टेबलावरची हिराबाई उठून आली. घाटकोपरला डोंगरावर राहणारी, साताऱ्याकडची, कुंकू आडवं, आवाज खणखणीत. त्या टेबलाची ती पुढारी होती.

"बाई, राग मानू नका, एक बोलू?"

"बोला."

"तुमी हितं हाय तवर ती तुमच्याकडंच बगणार. उद्याधरनं येऊ नका."

डिप्लोमा झालेल्या बाईला चौथी नापास बाईने हे सांगितलं. मी जरा ताठ होऊन म्हणाले, "आणि मग तिच्याकडे कोण बघणार?"

"आमी हाय की. पर भिताडाकडं नगं ठिवू तिला. आमच्यात द्या."

"तुम्ही सगळ्या चिडवता. तिला कुणी चिडवलं तर?"

हिराबाईने कमरेवर हात ठेवले. "चिडवतील की! मला बी चिडवत्यात."

हिराबाईने फिलूची खुर्ची उचलली आणि लांब टेबलावर, आपल्या अलीकडे, मध्येच खुपसली. त्या टेबलाची रीत अशी होती: एकीने पेनात रिफील घालायची, पुढचीने टोपण लावून दहाचा गठ्ठा करायचा, तिच्या पुढचीने तो ओढून पिशवीत भरायचा आणि पिशवी बंद करायची. मधली थांबली की पुढचीचे हात रिकामे. फिलूला त्यांनी तिच्या फळ्यांसकट मधली केलं. मी दारापर्यंत गेले तेवढ्यात तिची फळी भरली, तिने घडी घातली आणि मान माझ्याकडे वळवली. हिराबाई खेकसली, "अगं ए, आण की! माजं हात रिकामं हायती!" फिलू दचकली. मला परत फिरून तिला जवळ घ्यावंसं वाटलं. त्याऐवजी मी बाहेर पडले आणि रस्त्यावर येऊन रडले.

ते आठ दिवस मी काय केलं ते विचारू नका. शाळेत मुलांना शिकवताना माझं लक्ष फोनकडे. दोनदा बसने मरोळला गेले आणि त्या पिवळ्या भिंतीवरून तशीच पुढे शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊन परत आले. कंडक्टर म्हणाला, "बाई, उतरायचं नाय तर चढता कशाला?" मला एकच चित्र दिसत होतं: फिलू खिडकीत, घडी घालून, शाबास म्हणायला येणाऱ्या बाईची वाट बघत, पुढची चाळीस वर्षं. आणि तिला ती घडी घालायला शिकवणारी मी.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी चारच्या सुमारास मी फाटकाशी गेले. वॉचमनने आता मला वर्गणी विचारणं सोडलं होतं. आत पाय टाकला आणि सावंतांचा आवाज आला, अख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल असा.

"गो फिलू! डोळे खंय आसत तुझे? सगळी टोपणा लाल पेनांका निळी लायलंस! आता ह्या काय तुझो आजो सोडवतलो?"

अकरा वर्षांत आम्ही त्या मुलीला एक वेडावाकडा शब्द बोललो नव्हतो. चुकली तरी 'छान प्रयत्न' म्हणायचो. आता ती रडणार, फळी फेकणार, संपलं सगळं. मी पर्स सावरून सावंतांवर धावून जाणार, इतक्यात फिलूने मान वर केली.

"चुकलं, सावंत. करते परत." आणि हिराबाईकडे वळून, "हसू नको गं. तू परवा काय केलंस?"

टेबलावरच्या सगळ्या फिदीफिदी हसल्या. फिलूही हसली. आणि हसता हसता लाल पेनांची निळी टोपणं कट् कट् काढायला लागली. फळी भरली की हिराबाई न बघताच ओढून घेत होती, आणि फिलूचा हात पुढच्या फळीकडे आधीच गेलेला असे.

सावंत रुमालाने मान पुसत माझ्याजवळ आले. "काय बाईनू, बघितलात? डोक्याक ताप करून ठेवल्यान. उद्या रविवार, सोमवारी साडेआठाक पाठवा, नऊ वाजता येता ती." ट्रायलचं काय, म्हणून मी विचारलं. त्यांना आठवायला जरा वेळ लागला. "कसली ट्रायल?"

म्हणजे नोकरी लागली होती. शिव्या खाण्याइतकी पक्की. मला वाटलं, फिलू आता मला बघेल, उठेल, धावत येईल. तिने बघितलंही. तोंडभर हसली.

"टीचर, आता नाय. काम हाय." आणि खाली मान घालून कामाला लागली.

पेनं भरली जात होती, पिशव्या बंद होत होत्या, आणि त्या अख्ख्या कारखान्यात कुणालाच माझ्याशी काही काम नव्हतं. तरी मी निघाले नाही. बराच वेळ तशीच उभी होते. मग वॉचमनने मागून हटकलं, "बाई, कुणाची वाट बघताय?"

मी खाली बघितलं. दारात मी हाताची घडी घालून उभी होते.